खडूस पबांची वारी: लंडन ते बेलफास्ट

ही वारी सोमवारी सुरू करावी. शनिवार-रविवारी लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचे बरेच पब बंद असतात, कारण तिथलं गिऱ्हाईक म्हणजे ऑफिसवाले आणि वकील. उलट ग्लासगोला शनिवारी पोचलात तर थेट फुटबॉलच्या गर्दीत सापडाल. म्हणून सोमवार-मंगळवार लंडन, बुधवारी बर्मिंगहॅमजवळचं स्मेदिक, गुरुवारी ग्लासगो आणि शेवटी बेलफास्ट. निघण्याआधी युरोपीय स्पर्धांचं वेळापत्रक मात्र पाहून घ्यायचं. त्या मॅच मंगळवार ते गुरुवार अशा मधल्या वारी असतात, आणि सेल्टिक किंवा रेंजर्स घरच्या मैदानावर खेळणार असतील तर ग्लासगोचा दिवस सरळ पुढे-मागे करावा.

पाहुण्याला नकोसं करणारे पब सगळे एका माळेचे मणी नसतात. कुठे मालकच खवचट, कुठे नेहमीची मंडळी बारजवळची जागा वडिलोपार्जित असल्यासारखी अडवून बसलेली, कुठे खालच्याचं तोंड वरच्याला दिसू नये म्हणून मुद्दाम उभारलेली भिंत, तर कुठे बॉम्बच्या भीतीने लावलेली लोखंडी जाळी. कारण ठाऊक असलं की कुठे हसून सोडून द्यायचं आणि कुठून पाय काढता घ्यायचा, हे दारातच ठरवता येतं.

खिशात पासपोर्ट हवा. कायद्याने वय 18 लागतं, पण 'चॅलेंज 25' नावाची पद्धत जवळपास सगळीकडे आहे: 25 पेक्षा लहान दिसणाऱ्या कुणाकडेही ओळखपत्र मागतात. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं लागत असल्यामुळे तिशीतल्या माणसाला वयाचा पुरावा मागितला की तो चिडतो. चिडू नये. परवाना बारवाल्याचा जातो, आपला नाही. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स बहुतेक ठिकाणी चालत नाही. बरोबर दहा पौंडांच्या काही नोटा असाव्यात. कार्ड जवळपास सगळीकडे घेतात, पण जुन्या वस्तीतल्या एखाद्या पबात अजून रोखीचा कारभार असतो. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या बँका स्वतःच्या नोटा छापतात. त्या इंग्लंडमधल्या गल्ल्यावर दिल्या की कुरकुर होते, म्हणून जिथे मिळाल्या तिथेच संपवाव्यात. मोठी बॅग घेऊन कुठल्याच पबात शिरू नये.

मापांचाही अंदाज बदलावा लागतो. पाइंट म्हणजे 568 मिलीलीटर, हाफ 284. व्हिस्की-रम 25 किंवा 35 मिलीलीटरच्या मापाने मिळते आणि कुठलं माप वापरतात हे लिहून लावावं लागतं. आपला 30-60 चा हिशेब इथे लागू नाही. 'डबल' म्हणजे 50 किंवा 70.

सोमवार: लंडन, होबर्न ते सोहो

सुरुवात दिसायला अगदी सभ्य पबांपासून. इथला नकोसेपणा सुतारकामात आहे. हाय होबर्नवरचा प्रिन्सेस लुईझ हा 1872 चा पब, आतली सजावट 1891 ची. दार ढकललं की एक मोठी खोली दिसत नाही. दिसतात ते लाकूड आणि नक्षीदार काचेच्या पडद्यांनी पाडलेले कप्पे आणि मधोमध बार. प्रत्येक कप्प्याच्या वाट्याला बारची हातभर कड. मधल्या काळात काढून टाकलेले हे पडदे 2007 च्या दुरुस्तीत परत बसवले. मजूर, कारकून आणि साहेब एकाच पिंपातली बिअर पीत, पण दारं वेगळी आणि कप्पे वेगळे. पब्लिक बारमध्ये लाकडी बाकं आणि उघडी फरशी, सलून किंवा लाउंजमध्ये गालिचा आणि त्याच बिअरला थोडा जास्त भाव. आपल्या परमिट रूममधला एसी आणि नॉन-एसी विभाग याच घराण्यातला: क्वार्टर तीच, दर वेगळा.

तिथून चालत लॅम्ब्स कॉन्ड्युइट स्ट्रीटवरच्या 'द लॅम्ब'मध्ये जावं. बारच्या काठावर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, नक्षीदार काचेच्या छोट्या झडपांची रांग आहे. प्रत्येक झडप आसावर फिरते. तिला 'स्नॉब स्क्रीन' म्हणतात. बंद असली की वाढणाऱ्याला गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नाही. खालच्या फटीतून ग्लास पुढे सरकतो, पैसे मागे सरकतात. साहेबाला आपण काय पितो, कुणाबरोबर पितो हे नोकरवर्गाला कळू द्यायचं नव्हतं. एक झडप हलक्या हाताने फिरवून बघायला हरकत नाही, पण गर्दीच्या वेळी नको. मागे उभ्या माणसाची बिअर अडते.

दुपारी फ्लीट स्ट्रीट, एकेकाळची वृत्तपत्रांची गल्ली. 'ये ओल्ड चेशायर चीज' 1667 मध्ये, लंडनच्या मोठ्या आगीनंतर, पुन्हा बांधलेला पब. आत खोल्यांचा चक्रव्यूह आणि एका दारावर या बारमध्ये फक्त पुरुषांना मिळेल अशा अर्थाची जुनी पाटी. आज ती शोभेपुरती आहे, पण याच रस्त्यावर 'एल व्हिनो' नावाच्या वाइन बारमध्ये तोच नियम 1982 पर्यंत खराखुरा चालू होता. बायकांनी बारपाशी उभं राहायचं नाही, मागच्या खोलीत टेबलावर बसायचं, तिथे आणून मिळेल. वकील टेस गिल आणि पत्रकार अॅना कूट यांनी खटला भरला. खालच्या कोर्टात हरल्या, अपील कोर्टात जिंकल्या. त्यातला युक्तिवाद रोखठोक होता: फ्लीट स्ट्रीटची सगळी गप्पाटप्पा आणि बातम्यांची देवाणघेवाण बारपाशी होते, तिथे उभं राहू दिलं नाही तर पत्रकार बाईचं नुकसान होतं. मला हा निकाल कोणत्याही मारामारीच्या किश्शापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. तिथे आवाज चढवणारं कुणी नव्हतं. सगळे टाय लावलेले होते.

चेशायर चीज आणि प्रिन्सेस लुईझ दोन्ही सॅम्युअल स्मिथ या टॅडकास्टरच्या ब्रुअरीचे. या कंपनीने 2017 मध्ये आपल्या पबांत शिवीगाळीवर आणि 2019 मध्ये मोबाइल वगैरे उपकरणांवर बंदी आणली. तेव्हा टेबलावर फोन काढून नकाशा बघत बसू नये. कुणी हटकलं तर फोन खिशात आणि विषय संपला. फोन घ्यायचाच असेल तर बाहेर फुटपाथवर.

संध्याकाळी सोहोतल्या ग्रीक स्ट्रीटवर 'कोच अँड हॉर्सेस'. इथला मालक नॉर्मन बेलन 1943 पासून 2006 पर्यंत गल्ल्यावर होता आणि स्वतःला 'लंडनमधला सगळ्यात उद्धट पबमालक' म्हणवून घ्यायचा. चेहरा आवडला नाही म्हणून गिऱ्हाइकाला हाकलणं हे त्याचं जाहिरातीचं भांडवल झालं. पुण्यातल्या पाट्यांवर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. कायदाही मालकाच्या बाजूचा आहे: वंश, धर्म, लिंग, अपंगत्व अशा संरक्षित कारणांवरून भेदभाव होत नसेल तर कारण न सांगताही तो 'नाही' म्हणू शकतो. हुज्जत घालून उपयोग नसतो. बेलन गेल्यानंतर जागा बरीच निवळली आहे.

मंगळवार: व्हाइटचॅपल आणि सपाट छपराचे पब

एलिझाबेथ लाइनने व्हाइटचॅपलला उतरलं की काही मिनिटांत 'द ब्लाइंड बेगर'. 9 मार्च 1966 च्या रात्री इथे बारपाशी बसलेल्या जॉर्ज कॉर्नेलला रॉनी क्रेने डोक्यात गोळी घातली. रॉनी आणि त्याचा भाऊ हे तेव्हाचे लंडनमधले नावाजलेले गुंड. भरल्या पबात कुणी काही पाहिलं नाही. साक्ष मिळून शिक्षा व्हायला 1969 उजाडलं. आज पर्यटकांच्या टोळ्या मार्गदर्शकाबरोबर येतात, मागे बाग आहे, जेवण मिळतं. भीती वाटावी असं काहीही उरलेलं नाही. मला तर कुख्यात पबांचा हा साधारण नियमच वाटतो: ज्याची दंतकथा छापून येते तो पब सुरक्षित असतो, कारण तो दंतकथेवर जगतो. बेथनल ग्रीनमधला 'कारपेंटर्स आर्म्स' एकेकाळी क्रे भावांच्या मालकीचा होता. आता तिथे बिअरच्या चवीची चर्चा चालते.

खरा धडा सपाट छपराच्या पबात. दुसऱ्या महायुद्धानंतर कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, घरांच्या मोठमोठ्या वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा प्रत्येक वसाहतीला एकेक पबही मिळाला: विटांचा ठोकळा, वर डांबरी सपाट छत, भोवती मोटारींसाठी मोकळी जागा. 'सपाट छपराच्या पबात जेवू नये' अशी म्हण ब्रिटिश लोकांत आहे. अशा पबाचं गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावरचं असतं. वाटसरू येतच नाही. म्हणून अनोळखी माणूस आत आला की तो पोलीस, वसुलीवाला की कुणाचा सोयरा, एवढाच प्रश्न तिथल्यांना पडतो. त्या रोखलेल्या नजरांत राग कमी आणि चौकशी जास्त असते.

आत जाण्याआधी दोन मिनिटं बाहेर थांबून दार वाचायचं. भर दुपारी बाउन्सर दिसला तर मॅच आहे किंवा आदल्या रात्री काहीतरी घडलंय. पुढे चालू लागायचं. 'एका ठिकाणी बंदी म्हणजे सगळीकडे बंदी' अशा मजकुराची पबवॉच योजनेची पाटी असेल तर ती चांगली खूण. मालक एकमेकांशी बोलून आहेत. 'ट्रॅकसूट नको, कामाचे कपडे नकोत, टोपी-हुडी नको' ही यादी जितकी लांब, तितका तिथला पूर्वेतिहास लांब. प्रत्येक ओळीमागे एक प्रकरण असतं. आत म्हातारे, कुत्रा आणि दोन-चार बायका दिसल्या तर बिनघोर जावं. विशीतली पोरं सकाळपासून पीत बसलेली दिसली तर नको. वेळ दुपारी 2 ते 5 ची. सहानंतर कामावरून सुटलेले येतात आणि नऊनंतर त्यातलेच काही वेगळे होतात.

दार पूर्ण उघडून, न थबकता बारपर्यंत जायचं. उंबऱ्यात उभं राहून नजर फिरवणं हा पहिला घोटाळा. सगळ्यांच्या माना वळतात आणि मग परत फिरणंही अवघड होतं. बारच्या टोकाच्या उंच स्टुलांवर बसायचं नाही, रिकामी असली तरी. तिथे रोज येणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. टेबलावर अर्धा ग्लास आणि त्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवलेली असेल तर तो माणूस सिगारेट ओढायला बाहेर गेलाय. इंग्लंडमध्ये 1 जुलै 2007 पासून आत सिगारेट चालत नाही. ती खुर्ची धरू नये, ग्लास तर हलवूच नये.

बारपाशी रांग नसते, पण नंबर असतो आणि तो वाढणाऱ्याच्या डोक्यात असतो. हात हलवायचा नाही, नोट फडकवायची नाही, टिचकी तर अजिबात नाही. हात बारवर, नजर वाढणाऱ्याकडे. त्याने पाहिलं की मान किंचित हलवायची. आपल्या आधीचा कुणी असेल आणि आपल्याला विचारलं तर 'यांचा नंबर आधी' म्हणावं. या एका वाक्याने खोलीतलं अर्धं वातावरण निवळतं. मागणी छोटी ठेवायची: नळावर जे दिसतंय त्यातलं एक, पाइंट की हाफ, आणि शेवटी 'प्लीज'. चव बघायला मागू नये, कॉकटेल विचारू नये. गिनेस घ्यायची असेल तर आधी सांगायची, कारण ती दोन टप्प्यांत भरतात: पाऊण ग्लास भरून मिनिट-दोन मिनिटं निवू देतात, मग वरचा भाग. सगळ्यात शेवटी सांगितली की मागचे सगळे खोळंबतात. न पिणाऱ्याने लाइम-सोडा घ्यावा, कुणी वळूनही बघत नाही. टेबलावर टीप ठेवायची पद्धत नाही. फार तर पैसे देताना 'एक तुमच्यासाठी' म्हणायचं. मग वाढणारा लहानशी रक्कम स्वतःच्या नावाने जोडतो.

पूलचं टेबल हा वादाचा उगम. कडेवर नाणं ठेवलं की पुढचा डाव आपला. आधीची नाणी असतील तर त्यांच्या मागे ठेवायचं. जिंकणारा टेबलावर राहतो आणि नंबर आलेला त्याला आव्हान देतो. नाणं न ठेवता काठी उचलली किंवा दुसऱ्याचं नाणं सरकवलं की तोंडाला तोंड लागतं. डार्ट्सच्या रेषेपासून फळ्यापर्यंत 7 फूट सव्वानऊ इंच अंतर असतं. त्या पट्ट्यातून ग्लास घेऊन जायचं नाही.

शौचालयात गेलं की पबचा स्वभाव कळतो. फ्लशच्या टाकीवरचं झाकण उतरतं केलेलं असेल, सपाट फळी कुठेच नसेल तर कारण कोकेन. पूड ओढायला सपाट जागा लागते. काही ठिकाणी त्या पृष्ठभागांवर तेलकट फवारा मारतात. निळा दिवा असेल तर तो सुईवाल्यांना शीर दिसू नये म्हणून. असं काही आढळलं तर हातातलं संपवून निघावं, दुसरा ग्लास मागवू नये.

कुणी 'काय बघतोस?' असं विचारलं तर त्याला उत्तर अपेक्षित नसतं. 'सॉरी मेट, विचारात होतो,' एवढं म्हणून मान वळवायची, चार मिनिटं थांबायचं आणि ग्लास बारवर परत ठेवून बाहेर पडायचं. लगेच पळालं तर मागे येतात, थांबून राहिलं तर दुसरा प्रश्न येतो. आपला धक्का लागून कुणाची बिअर सांडली तर माफीच्या आधी दुसरी मागवायची. आणि कुणी आपल्याला पाजली तर आपण 'राउंड'मध्ये अडकलो: त्या टोळक्यातल्या सगळ्यांसाठी एकदा आपणही आणायचं. तेवढा वेळ किंवा पैसा नसेल तर पहिल्याच वेळी 'आभार, मी निघतोच आहे' म्हणावं. फुकटची घेऊन सटकणारा मात्र तिथल्या लोकांच्या लक्षात राहतो.

बुधवार: स्मेदिक

लंडनच्या यूस्टनहून बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट, वेगवान गाडीने सुमारे दीड तास. तिथून लोकल गाडीने स्मेदिक रोल्फ स्ट्रीट काही मिनिटांवर. स्टेशनवरून हाय स्ट्रीट जवळच, तिथेच मोठा गुरू नानक गुरुद्वारा आहे.

या गावातल्या पबांनी जे केलं ते मवालीपणाहून वाईट होतं. ओतशाळांत कामाला आलेल्या पंजाब्यांना पब्लिक बारमध्ये बिअर मिळे, पण स्मोक रूम आणि लाउंज गोऱ्यांसाठी राखीव. 1964 च्या निवडणुकीत इथून पीटर ग्रिफिथ्स उघड वंशद्वेषी प्रचाराच्या जोरावर निवडून आला. मार्शल स्ट्रीटवरची घरं नगरपालिकेने विकत घेऊन फक्त गोऱ्यांना द्यावीत, इथपर्यंत मजल गेली होती. 12 फेब्रुवारी 1965 रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स इथे आले. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल त्यांना हाय स्ट्रीटवरच्या 'ब्लू गेट्स' पबात घेऊन गेले. स्मोक रूममध्ये नकार, पब्लिक बारमध्ये जा म्हणाले. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांचा खून झाला. मार्शल स्ट्रीटवर आज त्यांच्या भेटीची निळी पाटी आहे.

जोहल यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते पबामागून पब गाठत. विद्यार्थी आधी आत जाऊन बिअर घेत आणि बसून राहत. मग भारतीय कामगार त्याच खोलीत येऊन तेच मागत. नकार मिळाला की साक्षीदार आधीच जागेवर असत, तेही पैसे देऊन बसलेले गिऱ्हाईक. मग परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घ्यायची. पबमालकाला नीतीपेक्षा परवाना प्यारा असतो, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. 8 डिसेंबर 1965 पासून रेस रिलेशन्स अॅक्ट लागू झाला आणि सार्वजनिक ठिकाणी रंगावरून हाकलणं बेकायदा ठरलं. असं हाकलण्याला त्या कायद्यात शिक्षा नव्हती, समेटाची खटपट होती. नोकरी आणि घरं तर 1968 च्या कायद्यात आली.

पुढच्या दशकांत ओतशाळा बंद पडत गेल्या, गोरे मालक पब सोडत गेले आणि त्यातले कित्येक पंजाब्यांनी घेतले. त्यांना आता 'देसी पब' म्हणतात. शेजारच्या वेस्ट ब्रॉमविचमधले 'द रेड लायन' आणि 'द व्हाइन' ही त्यातली ठळक नावं. 'व्हाइन' हे वेस्ट ब्रॉमविच अॅल्बियन या फुटबॉल क्लबच्या मैदानापासून चालत जाण्याजोगं. बिअर बारपाशी घ्यायची, जेवणाचा काउंटर बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो. तिथे मागणी नोंदवून टेबलाचा नंबर सांगायचा. मिक्स ग्रिल तव्यावर चरचरत येतं: टिक्का, सीख कबाब, कोंबडीचे पंख, मटणाच्या चॉप्स, खाली कांदा. एक प्लेट दोघांना पुरते. बरोबर एकच नान मागवावी. शुक्रवारी संध्याकाळी आणि अॅल्बियनच्या मॅचच्या दिवशी तासभर थांबावं लागतं, बुधवारी नाही. तिथे गोरे म्हातारे आणि सरदारजी एकाच स्क्रीनवर मॅच बघत शेजारी बसलेले असतात.

गुरुवार: ग्लासगो

बर्मिंगहॅमहून थेट गाडीने ग्लासगो सेंट्रल साधारण चार तास. स्टेशनजवळ ड्रूरी स्ट्रीटवर 'हॉर्सशू बार' आहे, घोड्याच्या नालासारखा वळलेला, 104 फूट 3 इंच लांबीचा. इथे 'हाफ अँड हाफ' मागवावं: हाफ पाइंट बिअर आणि बाजूला छोटी व्हिस्की. एकात एक ओतायची नसते.

इथला मामला रंगांचा आहे. सेल्टिकचा हिरवा-पांढरा म्हणजे आयरिश कॅथलिक परंपरा, रेंजर्सचा निळा म्हणजे प्रोटेस्टंट आणि ब्रिटिशनिष्ठ. शहराच्या मध्यातल्या कित्येक पबांच्या दारावर 'फुटबॉलचे रंग नकोत' अशी पाटी असते. मराठी माणसासाठी खरी अडचण तिसऱ्याच रंगाची: भगवा किंवा केशरी उपरणं, टी-शर्ट, टोपी. केशरी हा इथे ऑरेंज ऑर्डरचा रंग, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांचा. सेल्टिकवाल्यांच्या पबात तो चिथावणीसारखा दिसतो. आणि बॅगेला लावलेला तिरंग्याचा छोटा बिल्ला दुरून आयर्लंडचा झेंडा वाटू शकतो, कारण रंग तेच. राखाडी आणि काळे कपडे घालावेत, फार विचार करू नये.

पूर्व भागात गॅलोगेट आणि ड्यूक स्ट्रीट हे दोन रस्ते साधारण समांतर जातात आणि पार्कहेड क्रॉसला मिळतात. गॅलोगेटवर बॅरोलँड सभागृहाच्या आसपास हिरवे पब, ड्यूक स्ट्रीटवर 'लाउडन टॅव्हर्न'सारखे निळे. आडवारी दुपारी दोन्हीकडे निवांत बसता येतं, भिंतीवरचे फोटो आणि झेंडे बघता येतात. फोटो काढू नयेत. 'सेल्टिक की रेंजर्स?' असं विचारलं तर जाणकार उत्तर 'पार्टिक थिसल', म्हणजे शहरातला तिसरा, कायम मार खाणारा क्लब. सगळे हसतात आणि विषय मिटतो. 'कुठल्या शाळेत होतास?' हा प्रश्न साधा नसतो. इथे कॅथलिक शाळा वेगळ्या आहेत, शाळेवरून धर्म कळतो. आपण गावाचं नाव सांगून मोकळं व्हावं.

सेल्टिक आणि रेंजर्सची एकमेकांशी मॅच असेल त्या दिवशी पोलिसांच्या सल्ल्याने ती दुपारीच, बाराच्या सुमारास सुरू करतात, पिण्याला वेळ कमी मिळावा म्हणून. 10 मे 1980 च्या कप फायनलनंतर हॅम्पडनच्या मैदानावर दंगल झाली आणि स्कॉटलंडच्या फुटबॉल मैदानांवर दारूबंदी आली. तेव्हापासून तो सगळा भार पबांवर. मॅचच्या दिवशी काचेऐवजी प्लॅस्टिकचे ग्लास देतात. फुटलेला पाइंट ग्लास इथलं जुनं हत्यार आहे.

हाताशी वेळ असेल तर अॅबरडीनला युनियन स्ट्रीटवरचा 'द ग्रिल' गाठावा. 1973 मध्ये कामगार संघटनांच्या परिषदेला आलेल्या बायकांनी इथे शिरून मोर्चा काढला, कारण त्यांना आत येऊ देत नव्हते. पुढे 1975 च्या कायद्याने दार उघडलं, पण बायकांचं शौचालय झालं 1998 मध्ये.

शुक्रवार आणि शनिवार: बेलफास्ट

स्कॉटलंडच्या केर्नरायन बंदरातून बोटीने सव्वादोन तास, विमानाने त्याहून कमी. देशांतर्गत प्रवास असला तरी ओळखपत्र लागतं. 11-12 जुलैच्या सुमारास जाऊ नये. ऑरेंज मिरवणुका आणि आदल्या रात्रीच्या होळ्या असतात. ऑगस्ट 2024 मध्ये शहरात स्थलांतरितांच्या दुकानांवर हल्ले झाले होते. सावळ्या माणसाने अनोळखी वस्तीत रात्री एकट्याने पब शोधत फिरू नये. बातम्या बघून जावं.

इथल्या जुन्या वस्त्यांतल्या पबांना एकेकाळी दारापुढे लोखंडी पिंजरा असे. आधी बाहेरची जाळी उघडायची, आत उभं राहायचं, कॅमेऱ्यातून चेहरा पाहिला की मग आतलं दार. उद्धटपणा म्हणून नव्हे. 4 डिसेंबर 1971 रोजी नॉर्थ क्वीन स्ट्रीटवरच्या मॅकगर्क्स बारमध्ये बॉम्ब फुटून 15 जण मेले. 18 जून 1994 रोजी लॉफिनआयलंड गावातल्या पबात वर्ल्ड कपची मॅच बघत बसलेल्यांवर गोळीबार झाला, सहा जण गेले. दोन्ही पबांतले लोक कॅथलिक आणि मारणारे अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स या प्रोटेस्टंट सशस्त्र संघटनेचे. दुसऱ्या बाजूने, म्हणजे आयरिश रिपब्लिकन आर्मीनेही, पबच निवडले: 21 नोव्हेंबर 1974 रोजी बर्मिंगहॅममधल्या दोन पबांत 21 जण मेले. अनोळखी माणूस पिशवी ठेवून निघून गेला तर ती दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हती. म्हणून अजूनही बॅग टेबलाखाली ठेवून बाहेर फोनवर बोलायला जाऊ नये. 1998 च्या शांतता करारानंतर बहुतेक पिंजरे निघाले.

'तू कॅथलिक हिंदू की प्रोटेस्टंट हिंदू?' हा इथला जुना विनोद आहे, ऐकवला जातोच. हसावं. शहराचं नाव, रस्त्याचं नाव, मुलांची नावं या सगळ्यांतून बाजू ओळखली जाते, त्यामुळे एकाच शहराचं नाव डेरी (कॅथलिकांचं) की लंडनडेरी (प्रोटेस्टंटांचं) यावर आपलं मत देऊ नये. कॅथलिक वस्तीतला फॉल्स रोड आणि प्रोटेस्टंट वस्तीतला शँकिल रोड दिवसा टॅक्सीच्या सहलीत बघावेत, पब शहराच्या मध्यात गाठावेत.

युरोपा हॉटेलसमोरचा 'क्राउन लिकर सलून' 1978 पासून नॅशनल ट्रस्टच्या मालकीचा. लोक तो पाहतात रंगीत फरशा आणि गॅसच्या दिव्यांसाठी, पण बघायचे ते दहा 'स्नग': ए ते जे अक्षरं लावलेले, दार बंद होणारे लाकडी कप्पे. आत सहा-सात जण कसेबसे मावतात. भिंतीवर काडी ओढायची धातूची पट्टी आणि वाढप्याला बोलवायची घंटीची कळ. ज्यांना पिताना दिसायचं नव्हतं त्यांच्यासाठी ही सोय. शुक्रवारी संध्याकाळी स्नग मिळणं अशक्य. शनिवारी सकाळी उघडल्या उघडल्या, साडेअकराच्या आसपास, बहुधा मिळतो. रिकामा दिसला तरी दार ढकलण्याआधी टकटक करावी. आत कुणी असेल तर ते दार उघडणार नाहीत आणि त्याचा राग मानू नये. शेजारच्या बारपाशी उभं राहून थांबता येतं. बाहेर पडणारे निघाले की लगेच शिरायचं. रांगेची पद्धत इथेही नाही.

इथून डब्लिनची गाडी दोन तासांची आहे आणि सीमेवर फाटक नाही, त्यामुळे मोह होतो. पण भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा आयर्लंडमध्ये आपोआप चालत नाही. ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेचा 'बीआयव्हीएस' शेरा असेल तरच जाता येतं. बसमध्ये आणि गाडीत अधूनमधून तपासणी होते. शेरा नसेल तर डब्लिनचे पब पुढच्या खेपेला.